चिलखताचे तुकडे किती आणि कुठे करायचे? स्कायरिमच्या एका मॉडबद्दल

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. स्कायरिम या संगणकीय खेळाच्या स्पेशल एडिशनसाठी तुम्ही पहिलाच मोठा मॉड, म्हणजे खेळात घालायची स्वतःची भर, करताय. खेळाडूने भट्टीपाशी उभं राहून आपल्या आवडीचं चिलखत जुळवावं, अशी कल्पना. छातीचे ४ नमुने, खांद्यांचे ५, कमरेखालच्या वस्त्राचे ३, धातू ६ आणि रंग ८. क्रिएशन किट या मॉड करायच्या साधनात दोन आठवडे नुसती रेकॉर्डं, म्हणजे खेळातल्या एकेका गोष्टीच्या नोंदी, बनवताय, ती संपत नाहीत, आणि आता विचारताय की यासाठी स्क्रिप्ट लिहावी का.

लिहिता येईल. एसएसई-एडिटमध्ये (मॉडमधली रेकॉर्डं एकगठ्ठा बदलायचं साधन) बरी स्क्रिप्ट लिहिली तर शेकडो रेकॉर्डं बघता बघता पडतील. मग तीच शेकडो रेकॉर्डं खेळाडूच्या भट्टीवर शेकडो ओळींची यादी होऊन बसतील, आणि तो दुसऱ्या दिवशी मॉड काढून टाकेल. माझ्या मते तुमचं घोडं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. कुठल्या तुकड्यावर काय बदलू द्यायचं, हे ठरवायच्या आधीच तुम्ही कामाला लागलात.

जरा आकडेमोड करू. पूर्ण पोशाख म्हणजे एक नग धरला तर ४ × ५ × ३ × ६ × ८, म्हणजे २८८० चिलखतं. तेवढा वेडेपणा तुम्ही करत नाही आहात, छाती, खांदे आणि वस्त्र वेगळे ठेवलेत, ते चांगलंच. तरी १२ नमुने, प्रत्येकाला ६ धातू आणि ८ रंग, म्हणजे ५७६ नग झाले. प्रत्येक नगामागे आर्मर रेकॉर्ड, आर्मर अ‍ॅडऑन (अंगावर काय दिसेल ते), टेक्श्चर सेट (त्यावरची चित्रं), भट्टीवर तो बनवायची कृती आणि वर्कबेंचवर त्याची मजबुती वाढवायची कृती. पाच गुणिले ५७६, गंमत म्हणजे पुन्हा २८८०. दोन आठवड्यांत कसं संपेल?

आता एकच नियम लावून बघा. एका तुकड्यावर एकच गोष्ट बदलेल. छाती आणि खांदे धातूचे, त्यांना रंगाचा पर्याय नाही. वस्त्र कापडाचं, त्याला धातूचा पर्याय नाही. छाती २४, खांदे ३०, वस्त्र २४, एकूण ७८ नग. आणि त्यातून खेळाडूला जुळवता येणारी रूपं २४ × ३० × २४, म्हणजे १७,२८०. पोलादी छाती, एबनीचे खांदे, खाली विटकरी कापड, जे हवं ते. ५७६ नगांतून याच्या कितीतरी पट रूपं निघतात हे मान्य, पण सतरा हजारांच्या पुढे कोण मोजत बसलंय? खेळाडूला निवड केल्याचं समाधान हवं असतं, आणि ते तीन ठिकाणी तीन निर्णय घेतले की मिळतं.

ही युक्ती काही माझी नाही. आपल्याकडचं चारआईना आठवा. आत कड्यांचं चिलखत, त्यावर छाती, पाठ आणि दोन कुशी असे चार पत्रे, पट्ट्यांनी आवळलेले. कुशीच्या पत्र्यांना वरून काखेसाठी खाच. घाव पत्र्याने झेलायचा, वाकणं-वळणं कड्यांनी सांभाळायचं. स्कायरिमचं जग उत्तरेकडच्या थंड मुलखाचं आहे, तिथे चारआईना नेऊन बसवा असं मी म्हणत नाही. थरांत काम कसं वाटून द्यायचं, ते त्यात छान दिसतं एवढंच.

तुमचा मॉड कोणासाठी आहे, यावर मात्र पुढचं बरंच अवलंबून आहे. फोटो काढण्यासाठी खेळणारी मंडळी वेगळी. त्यांना रंग जास्त हवेत, आकडे शून्य असले तरी चालतात. थंडी-भूक सांभाळत काटकसरीने खेळणारे वेगळे. त्यांना वजन आणि किंमत खरी वाटायला हवी. आणि एक लक्षात असू द्या, फॉलआउट ४ मध्ये एकाच नगाला सुटे भाग जोडायची सोय इंजिनातच आहे. २०११ च्या स्कायरिममध्ये ती नाही. इथे प्रत्येक फरक म्हणजे वेगळा नग, किंवा मग एसकेएसईवर (खेळाच्या स्क्रिप्टची ताकद वाढवणारं बाहेरचं साधन) आधारलेली कसरत. मी पुढे जे सांगतोय ते एसकेएसई न वापरता करायच्या मॉडचं.

आता जागा. स्कायरिममध्ये अंगावरच्या जागांना ३० ते ६१ असे क्रमांक आहेत. ३० डोकं, ३२ धड, ३३ हात, ३७ पाय, ३९ ढाल, या मूळ खेळाच्या. ४४ पासून पुढच्या बऱ्याच मोकळ्या, पण ५०, ५१ आणि ६१ इंजिनाच्या स्वतःच्या कामाच्या, तिकडे फिरकू नका. मोकळ्या जागांबद्दल मॉड करणाऱ्यांत एक संकेत रूढ आहे, ४६ वरचं आवरण, ४७ पाठ, ४९ कंबर, ५७ खांदे. सक्ती कोणाची नाही. पण तुम्ही खांदे ४६ वर ठेवलेत, तर झग्यांचा मॉड वापरणाऱ्याला खांदे घातले की झगा गळून पडलेला दिसेल, आणि तो तुम्हालाच शिव्या घालेल. खांदे ५७, वस्त्र ४९, एवढं पाळा.

हा क्रमांक तीन ठिकाणी लिहावा लागतो. आर्मर रेकॉर्डमध्ये, आर्मर अ‍ॅडऑनमध्ये, आणि एनआयएफ फायलीतल्या, म्हणजे त्रिमितीय आकाराच्या फायलीतल्या, पार्टिशनवर (आकाराच्या त्या भागावर). तिसरं सगळे विसरतात. माझ्या पहिल्या खांद्यांचं पार्टिशन ३२ वर राहिलं होतं, बाकी दोन्हीकडे ५७. यादीत नग दिसायचा, घालता यायचा, वजनही वाढायचं, अंगावर मात्र काहीच नाही. दोन रात्री मी टेक्श्चरच्या फायलींचे पत्ते तपासत होतो. निफस्कोपमध्ये (एनआयएफ फाइल उघडायचं साधन) एक आकडा बदलला आणि खांदे आले.

कीवर्डबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथली चूक लगेच दिसत नाही. खेळ तुमच्या नगाला ओळखतो तो कीवर्डवरून, म्हणजे रेकॉर्डला लावलेल्या खुणेवरून. धातूचा कीवर्ड नसेल तर संबंधित लोहारकामाच्या पर्कचा (खेळाडूने कमावलेल्या खास कसबाचा) दुप्पट सुधारणेचा फायदा त्या नगाला मिळत नाही, आणि मॅचिंग सेट, म्हणजे एकाच प्रकारचे सगळे नग घातल्याचा पर्क, घेतलेल्यालाही त्याचे २५ टक्के मिळत नाहीत. विक्रीचा कीवर्ड नसेल तर व्हाइटरन शहरातला लोहार तुमचं चिलखत विकतच घेत नाही. सगळ्यात नाजूक भाग मंतरण्याचा. कुठल्या नगावर कुठला मंत्र चढेल हेही कीवर्डवरच ठरतं. खांद्यांना काहीच दिलं नाही तर त्यांच्यावर कुठलाच मंत्र चढत नाही. आणि त्यांना धडाचा कीवर्ड दिलात, तर खेळाडू छातीवर एकदा आणि खांद्यांवर पुन्हा एकदा तोच मंत्र चढवतो. तीन तुकडे म्हणजे तिप्पट मंत्र. मी खांदे आणि वस्त्र मंतरता येणार नाहीत असेच ठेवतो. काही जण कुरकुरतात. कुरकुरू द्या.

संरक्षणाच्या आकड्यांचंही तेच. "खांद्यांना २० दिले तर काय बिघडलं?" असं वाटतं ना? हिशोब करू. स्कायरिममध्ये चिलखताचा एक अंक म्हणजे ०.१२ टक्के मार कमी, आणि ८० टक्क्यांवर तो थांबतो. डोकं, धड, हात, पाय असे चारही नग घातले की प्रत्येकामागे २५ अंक खेळ गुपचूप धरतो. त्यामुळे पडद्यावर ५६७ दिसले की छत गाठलं. आता हेवी आर्मरचं कौशल्य १०० झालेला खेळाडू घ्या. मूळ २० अंकांचे कौशल्याने २८ होतात. मग त्याचे पर्क: वेल फिटेड २५ टक्के, मॅचिंग सेट २५ टक्के, जगरनॉटच्या पाचही पायऱ्या १०० टक्के, आणि हे एकमेकांवर गुणले जातात. २८ × १.२५ × १.२५ × २, म्हणजे ८७ च्या वर. नुसत्या खांद्यांचे! असे पाच जादा तुकडे केलेत तर ४३७ अंक तुम्ही फुकट वाटले, मूळ चिलखत घालायच्याही आधी.

म्हणून माझा शिरस्ता असा, तुकडे कितीही करा, बेरीज जुनीच राहिली पाहिजे. मूळ लोखंडी चिलखत २५ अंकांचं आणि ३० वजनाचं आहे. ते २५ छातीवरच ठेवा. फार वाटलं तर छाती २१ आणि खांदे ४. वजनही त्याच ३० मधून वाटा. वस्त्राला शून्य, आणि त्याचा प्रकार कापडी ठेवा, हलकं चिलखत नको. त्याचं कारण मांत्रिक खेळाडू. त्याचा मेज आर्मर पर्क अंगावर चिलखत नसेल तरच काम करतो. तुमचं शून्य अंकांचं रेशमी वस्त्र 'हलकं चिलखत' म्हणून नोंदलं गेलं, तर त्या बिचाऱ्याला कळणारही नाही की आपण अचानक एवढे का मरतोय.

सामानाचाही हाच न्याय. मूळ लोखंडी चिलखताला ५ लोखंडाच्या लगडी आणि ३ चामड्याच्या पट्ट्या लागतात. छातीला ४ आणि २, खांद्यांना १ आणि १, झालं. कापडाच्या बाबतीत मात्र थोडी मजा करायला वाव आहे. खेळात निळी, लाल आणि जांभळी डोंगरी फुलं जागोजागी उगवलेली आहेत, कोळसाही आहे. निळं वस्त्र हवं तर निळी फुलं आण, काळं हवं तर कोळसा. खरे रंगारी नीळ आणि मंजिष्ठा घेऊन हेच करत आले. आणि खेळाडू रंगासाठी डोंगर चढला की त्याला त्या वस्त्राची किंमत वाटते. आठही रंग एकाच भावाने दिले तर आठांतला एकच वापरला जातो, बहुधा काळा.

आता भट्टीवरची यादी. ७८ ओळीसुद्धा जास्तच आहेत. कृतीला अटी लावता येतात, त्यांचा उपयोग करा. धातूची अट पर्कची, पोलाद शिकलाच नसेल तर पोलादी नग दिसू नयेत. नमुन्याची अट मी वेगळी लावतो. प्रत्येक नमुन्याचा एक कागद, म्हणजे शिंप्याकडे कटिंगचा नमुना असतो तसा, आणि तो खेळाडूकडे असेल तरच त्या नमुन्याच्या ओळी उघडतात. हा कागद कृतीच्या सामानात घालू नका, नाहीतर एकदा बनवला की खर्च होऊन जाईल. सामानाबाहेर, गेटआयटमकाउंटची (खेळाडूकडे ती वस्तू किती आहे ते मोजणारी) अट म्हणून ठेवा. एका वेळी दहा-बारा ओळी दिसतात, आणि नवीन नमुना सापडणं हाही खेळाचा भाग होतो.

आणखी एक अट अशी आहे जी न लावल्यापायी मी एका अनोळखी माणसाचं वाटोळं केलंय. माझ्या मॉडमध्ये "खांदे बदला" अशी कृती होती, जुने खांदे सामान म्हणून घ्यायचे आणि नव्या नमुन्याचे द्यायचे. तेव्हा मी छातीलाही तसंच केलं होतं. एका खेळाडूने गंमत म्हणून ओळीवर क्लिक केलं आणि त्याची मंतरलेली, लेजंडरी दर्जापर्यंत घोटलेली, अंगात घातलेली छाती भट्टीने गिळली. बदल्यात कोरी छाती. मंत्र आणि सुधारणा त्या विशिष्ट नगाला चिकटलेल्या असतात, कृतीला त्यांची काही माहिती नसते, आणि ती विचारतही नाही. त्याने मला लिहिलं ते अगदी सभ्य भाषेत लिहिलं, म्हणून जास्त लागलं. तेव्हापासून जुना नग घेणाऱ्या प्रत्येक कृतीला दोन अटी: नग सामानात किमान एक असावा, आणि गेटइक्विप्ड (तो अंगावर घातलाय का ते सांगणारं) शून्य असावं. याने अंगावरचा वाचतो, पेटीतून काढून हातात घेतलेला मंतरलेला नग तरीही जाऊ शकतो. त्यामुळे छातीला अदलाबदल ठेवूच नका, ती फक्त न मंतरता येणाऱ्या खांद्यांना आणि वस्त्राला ठेवा. खांदे मंतरता येऊ नयेत असं वर म्हणालो, त्याचं अर्धं कारण हे.

वर्कबेंचवरच्या कृतीलाही मूळ खेळातली अट जशीच्या तशी लावा: नग मंतरलेला नसावा, किंवा मंतरलेले नग सुधारू देणारा आर्केन ब्लॅकस्मिथ पर्क असावा. ही अट लावायची राहिली तर त्या पर्कला अर्थच उरत नाही. हाताने लिहू नका, मूळ लोखंडी चिलखताची कृती डुप्लिकेट करून आपली करा.

रंगांबद्दल तांत्रिक गोष्ट थोडक्यात. नग तोच ठेवून रंग चढवायची सोय मूळ खेळात नाही, त्यामुळे आठ रंग म्हणजे आठ डिफ्यूज टेक्श्चर (रंगाची चित्रं). नॉर्मल मॅप (उंचसखलपणाचं चित्र) मात्र आठांना मिळून एकच पुरतो, टेक्श्चर सेटमध्ये फक्त पहिली फाइल बदला. आकार २०४८ पिक्सेल ठेवा. बीसी-७ या दाबलेल्या स्वरूपात, मिपमॅपसकट (लहान आकाराच्या प्रती धरून), अशी एक फाइल साधारण ५.३ एमबी, ४०९६ ची २१ एमबीच्या वर. २४ वस्त्रांचे १२८ एमबी की ५१२ एमबी, तुम्हीच ठरवा. गुडघ्यापर्यंतच्या कापडाचा धागा मोजायला कोणी येत नाही.

जाळीच्या, म्हणजे त्रिमितीय आकाराच्या, कामात सगळ्यात जास्त वेळ जातो तो काखेत. माझे वडील शिंपी होते, आणि बंडीच्या काखेत ते चौबगला का घालतात हे मला थ्री-डी शिकल्यावर कळलं. सरळ बाही सरळ धडाला जोडली की हात वर करताना कापड ओढलं जातं, चौकोनी तुकडा घातला की त्याला जायला जागा मिळते. जाळीतही नेमकं तेच आहे. खांद्याच्या खाली दोन-तीन जादा कडांची वलयं घाला, मग आउटफिट स्टुडिओ या साधनात मूळ शरीरावरून हाडांचं वजन (कुठला बिंदू कुठल्या हाडाबरोबर किती हलेल ते) कॉपी करा, आणि मग हाताने सौम्य करा. धातूच्या पत्र्याचं उलट असतं. तो वाकता कामा नये, म्हणून खांद्याचा पत्रा शक्यतो एकाच हाडाला बांधा. नाहीतर पोलाद रबरासारखं ताणलेलं दिसतं. आणि बारीक-जाड शरीराच्या दोन फायली लागतात, नावाच्या शेवटी शून्य आणि एक असलेल्या. दोन्हींत बिंदूंची संख्या आणि क्रम तंतोतंत सारखा हवा. एकीतला एक बिंदू जरी उडवलात तर मधल्या जाडीच्या माणसाच्या अंगातून काटे बाहेर येतात.

वेगळं शिलाई-टेबल करावं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. ७८ नगांना भट्टी आणि टॅनिंग रॅक (खेळातली चामडं कमावायची चौकट) पुरेसे आहेत, धातू तिकडे, कापड इकडे. नवं टेबल गावात ठेवलंत की दहा दुसऱ्या मॉडनी तीच जागा आधीच व्यापलेली असते, आणि नागरिक तुमच्या टेबलातून आरपार चालत जातात. अगदी हवंच असेल तर ते फक्त खेळाडूच्या घरांत ठेवा.

प्लगइन, म्हणजे मॉडची रेकॉर्डं असलेली फाइल, हलका, म्हणजे ईएसएल प्रकारचा करता आला तर करा. नेहमीच्या प्लगइनच्या जागा अडीचशेच्या आसपास संपतात आणि लोक त्या जपून वापरतात. हलक्या प्लगइनमध्ये २०४८ नवी रेकॉर्डं मावतात (खेळाच्या नव्या आवृत्तीत जास्त, पण जुन्या आवृत्तीवर अडून बसलेले खूप आहेत). तुमची जुनी २८८० मावली नसती. ७८ नगांचा सगळा संसार चारशेच्या आत बसतो. मात्र हा निर्णय मॉड लोकांच्या हाती द्यायच्या आधी घ्या. नंतर हलका करण्यासाठी रेकॉर्डांचे क्रमांक दाबून बसवलेत, तर ज्यांच्या सेव्हमध्ये तुमची चिलखतं आहेत त्यांच्या पेटीतून ती गायब होतील.

तर आता हातातलं बाजूला ठेवा आणि पुढच्या शनिवार-रविवारी एवढंच करा. एक छाती लोखंडी, एक खांद्यांचा जोड लोखंडी आणि तोच पोलादी, एक वस्त्र दोन रंगांत. पाच नग. भट्टीवर बनवा, सुधारा, विका, पुन्हा विकत घ्या. बाई आणि पुरुष, सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड, अशा चौघांना घाला. एकदा आर्गोनियनलाही (खेळातली सरड्यासारखी जमात) घाला, शेपूट वस्त्रातून कशी बाहेर येते ते बघायला. पळा, घोड्यावर बसा, वाका, आणि धनुष्य पूर्ण ताणून बाजूने बघा. काख फाटली तर तिथेच फाटेल. ते पाच नग धड दिसले की उरलेल्या ७३ साठी स्क्रिप्ट खुशाल लिहा. अडलात तर काखेचा बाजूने काढलेला फोटो आणि त्या नगाचं एसएसई-एडिटमधलं रेकॉर्ड, दोन्ही सोबत टाका.